पेठ, तालीम आणि गॅलरी : कोल्हापूरच्या फुटबॉलप्रेक्षकाची जडणघडण

इंग्लंडमध्ये १८८८ साली बारा क्लबांनी एकत्र येऊन फुटबॉलची साखळी स्पर्धा सुरू केली, आणि त्या स्पर्धेत ज्यांना जागा मिळाली नाही किंवा ज्यांनी ती कधी मागितलीच नाही अशा गावोगावच्या, गिरण्यांच्या आणि चर्चच्या संघांची ‘लीगबाहेरचे’ अशी एक वेगळी कोटी कालांतराने तयार झाली. आजही त्या देशात वरच्या चार श्रेणींच्या खाली खेळणारे क्लब याच नावाने ओळखले जातात. त्यांचा प्रेक्षक संख्येने थोडा असतो, पण तो मैदानाच्या कठड्याला टेकून सामना पाहतो, गोलरक्षकाला नावाने हाक मारतो, आणि तो गोलरक्षक आठवडाभर कोणत्या दुकानात काम करतो हेही त्याला ठाऊक असते. व्यावसायिक फुटबॉलच्या इतिहासात या प्रेक्षकाची नोंद फारशी होत नाही, कारण त्याच्यामुळे कोणाला मोठा पैसा मिळत नाही. महाराष्ट्रात या जातीच्या फुटबॉलचा शोध घेणाऱ्याला मुंबई किंवा पुणे सोडून कोल्हापूरलाच यावे लागते. देशातील व्यावसायिक लीगमध्ये या शहराचा एकही संघ नाही, तरीही दोन स्थानिक तालमींच्या सामन्याला येथे हजारोंची गर्दी होते, आणि ती गर्दी पाहुणी नसते. कोल्हापूरचा हा प्रेक्षक फुटबॉलने घडवलेला नाही. तो फुटबॉलच्या आधीपासून पेठेत होता, तालमीत होता, आणि चेंडू गावात आला तेव्हा आपल्या सगळ्या सवयींसह तो नव्या मैदानावर जाऊन बसला, असे या शहराचा इतिहास पाहता म्हणावे लागते.

कोल्हापूरला पाहण्याचा नाद जुना आहे. संस्थानकाळात साठमारी हा खेळ होता, म्हणजे मस्तीत आलेल्या हत्तीला मोकळ्या रिंगणात डिवचून, त्याच्या अंगावर येण्याला हुलकावणी देऊन जीव वाचवण्याचा खेळ. हत्तीला डिवचणाऱ्यांना साठमार म्हणत, आणि त्या रिंगणाच्या जागेचे नाव शहराच्या बोलण्यात अजून टिकून आहे. पुढे राजर्षी शाहू महाराजांनी, १९०२ सालच्या युरोप प्रवासात रोमचे प्राचीन क्रीडागार पाहून आल्यावर, खासबागेत कुस्तीचे मैदान बांधायला घेतले आणि ते १९१२ साली पुरे झाले. मध्यभागी उंचावर आखाडा, सभोवती उतरत्या गोलाईत बसण्याची सोय, आणि कोठेही बसले तरी मल्लांचे पाय दिसावेत अशी रचना, हे या मैदानाचे वैशिष्ट्य आहे. खासबाग मैदानाने राजाश्रयाच्या खेळाला हजारोंचा प्रेक्षक दिला, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या प्रेक्षकाला जाणकार केले. कोणता डाव कधी टाकला, पट काढताना मल्लाचा तोल कोठे गेला, कुस्ती चितपट झाली की बरोबरीत सोडवली, यावर घरी परतताना रस्त्यात वाद घालणारा माणूस या शहरात फुटबॉल रुजण्यापूर्वीच तयार झालेला होता.

तालीम म्हणजे मुळात कुस्तीचा आखाडा. ताक, तेल, लिंबू, हळद घालून मळलेल्या तांबड्या मातीचा हौदा, जोर-बैठका काढण्याची जागा, भिंतीवर मारुती आणि डाव शिकवणारा वस्ताद, एवढ्यावर तालीम उभी राहत असे. परंतु कोल्हापुरात तालमीने कुस्तीपुरते राहण्याचे केव्हाच सोडून दिले होते. गणपती तालमीत बसतो आणि मोहरमचा पंजाही तालमीतच बसतो. बाबूजमाल तालमीत, हे दोन्ही सण एका वेळी येतात त्या वर्षी, गणपती आणि पंजा एकाच छताखाली असतात आणि त्याचे तेथे कोणाला नवल वाटत नाही. आषाढात पंचगंगेचे नवे पाणी त्र्यंबोली देवीच्या देवळाच्या पायऱ्यांवर ओतण्यासाठी गल्लोगल्लीच्या मिरवणुका पी-ढबाक वाद्यांच्या तालावर निघतात, त्यांची जुळवाजुळव तालीम आणि मंडळेच करतात. शिवजयंतीची वर्गणी, गल्लीतल्या भांडणाचा निवाडा, महापुराच्या दिवसांत नदीकाठच्या घरांतून माणसे हलवणे, ही सर्व कामे तालमीकडे येतात. तालमीचा सभासद होण्यासाठी अर्ज भरावा लागत नाही. त्या गल्लीत जन्म झाला की माणूस सभासद होतो. युरोपातील क्लब हा लोकांनी एका हेतूने स्थापन केलेला आणि हवा तेव्हा सोडता येणारा संघ असतो; तालमीचे तसे नाही, आणि म्हणूनच तालमीचा समर्थक हा क्लबच्या चाहत्याहून निराळा प्राणी ठरतो.

फुटबॉल हिंदुस्थानात आणला तो लष्कराने आणि शाळांनी. मुंबईत १८९१ साली रोव्हर्स चषक सुरू झाला आणि पहिल्या वर्षी तो वूस्टरशर रेजिमेंटने जिंकला. त्यानंतरची कित्येक वर्षे ही स्पर्धा गोऱ्या पलटणींचीच मक्तेदारी होती आणि १९३७ साली बंगलोर मुस्लिम्स या संघाने ती मोडली. त्याआधी, २९ जुलै १९११ रोजी, मोहन बागानने कलकत्त्यात ईस्ट यॉर्कशर रेजिमेंटचा पराभव करून आयएफए शिल्ड जिंकली होती आणि त्या विजयाने फुटबॉलला राष्ट्रीय अस्मितेचा रंग चढला होता. कोल्हापूरचा प्रवास मात्र मुंबई किंवा कलकत्त्याच्या वाटेने झाला नाही. येथे गोऱ्या पलटणीला हरवण्याची ईर्षा हे खेळाचे इंधन नव्हते. संस्थानी शाळांतून आणि दरबाराच्या उत्तेजनाने खेळ शहरात आला, शाहूंचे पुत्र छत्रपती राजाराम महाराज (राज्यकाळ १९२२ ते १९४०) यांच्या काळात त्याला बळ मिळाले, आणि १९४० साली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे आज सर्वजण ज्या संस्थेला ‘केएसए’ म्हणतात ती, स्थापन झाली. राजारामांचे शिक्षण काही काळ इंग्लंडमध्ये झालेले असल्याने त्यांना हा खेळ अपरिचित नव्हता. शहरातील तालमींनी तो ज्या वेगाने आपलासा केला त्याचे श्रेय मात्र केवळ राजाश्रयाला देता येत नाही. कुस्तीत तालमीची इभ्रत एका मल्लाच्या खांद्यावर असते, फुटबॉलमध्ये ती अकरा जणांत वाटली जाते आणि गल्लीतल्या अकरा घरांना त्यात थेट वाटा मिळतो, ही सोय तालमीच्या स्वभावाला चांगलीच मानवली असावी.

कोल्हापूरच्या वरिष्ठ गटात अलीकडच्या हंगामांत जे संघ खेळले त्यांच्या नावांवरून शहराचा नकाशा काढता येईल. पाटाकडील तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, प्रॅक्टिस क्लब, संध्यामठ तरुण मंडळ, संयुक्त जुना बुधवार पेठ, ऋणमुक्तेश्वर तालीम, उत्तरेश्वर प्रासादिक वाघाची तालीम, झुंजार क्लब, फुलेवाडी क्रीडा मंडळ ही त्यांतील काही नावे होत. यांपैकी बहुतेकांच्या मागे एखादी पेठ, एखादे देऊळ किंवा एखादी तालमीची इमारत उभी आहे. पेठ म्हणजे जुन्या शहराचा वार, व्यवसाय किंवा व्यक्ती यांवरून नाव पडलेला भाग. पण कोल्हापुरात शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ ही दोन नावे उच्चारली की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे रस्ते येत नाहीत, मैदान येते. या दोन पेठांतील संघांचा सामना ठरला की शहरातल्या चौकांत फलक लागतात, चहाच्या गाड्यांवर मागच्या हंगामातले गोल पुन्हा मारले जातात आणि ज्यांना फुटबॉलमध्ये रस नाही त्यांनाही त्या दिवशी दुपारी कोणत्या रस्त्याने जाऊ नये हे कळून चुकते.

सामने होतात ते राजर्षी शाहू स्टेडियमवर, आणि या जागेचा पूर्वेतिहासही लक्षात घेण्यासारखा आहे. कोल्हापूर हे एके काळी तळ्यांचे शहर होते. वाढत्या वस्तीने त्यांतली बरीच तळी बुजवली. वरुणतीर्थाचे गांधी मैदान झाले, कपिलतीर्थावर मंडई आली, आणि रावणेश्वराच्या तळ्याच्या जागी फुटबॉलचे मैदान झाले. मैदानाला लागून असलेले रावणेश्वराचे देऊळ त्या तळ्याची खूण म्हणून राहिले आहे. तळे, मंडई आणि मैदान या तिन्ही ठिकाणी पेठेतला माणूस न बोलावता जात असे, आणि स्टेडियमला येणाऱ्या प्रेक्षकाच्या चालीत ती बिनबोलावल्या हक्काची लकब अजून दिसते.

हंगामाची मांडणीही तालमीच्या पंचांगाने ठरलेली आहे. पावसाळ्याच्या तोंडावर मैदान बंद होते, आषाढात त्र्यंबोलीची यात्रा येते, मग गणेशोत्सव, नवरात्र, दसरा आणि दिवाळी. या सगळ्यातून तालीम मोकळी झाली की खेळाडूंची नोंदणी सुरू होते आणि हिवाळ्यात पहिला सामना होतो. तेथून उन्हाळा संपेपर्यंत फुटबॉल चालतो. म्हणजे वर्षाच्या ज्या भागात तालमीकडे सण उरत नाहीत तो भाग फुटबॉलने भरून काढला आहे, आणि तेच मांडव घालणारे, तीच वर्गणी गोळा करणारे, तीच हलगी वाजवणारे हात आता स्टेडियमकडे वळतात. नोंदणीचे दिवस हे स्वतंत्र नाट्य असते. कोणता खेळाडू कोणत्या संघातून कोणत्या संघात गेला याची यादी स्थानिक वृत्तपत्रे छापतात, आणि एका पेठेतला मुलगा पलीकडच्या पेठेच्या संघात नोंदला गेला तर त्याच्या घरच्यांना काही दिवस गल्लीत मान खाली घालून चालावे लागते. इंग्लंडमध्ये क्लब बदलणाऱ्या खेळाडूवर चाहते रागावतात ते पैशासाठी गेला म्हणून. येथे रागाचे कारण जवळपास भाऊबंदकीचे असते.

स्पर्धांचे दोन प्रकार आहेत. साखळी स्पर्धेत प्रत्येक संघ इतरांशी खेळतो आणि गुणांवरून क्रम लागतो. ही केएसएची स्वतःची स्पर्धा, आणि अलीकडच्या हंगामांत तिच्या वरिष्ठ गटात १६ संघ असतात. तिच्या मागेपुढे बाद पद्धतीच्या चषक स्पर्धा होतात, ज्यांत एकदा हरले की संघ बाहेर पडतो. समर्थकाला यांतले काय अधिक प्रिय आहे हे गर्दीवरून सहज कळते. साखळीतला सामना तो समजून घेतो, बादमधला सामना तो भोगतो. निर्धारित वेळेत बरोबरी झाली की टायब्रेकर होतो, म्हणजे दोन्ही संघांना गोलपुढच्या ठरावीक खुणेवरून पाच-पाच फटके मिळतात, आणि तेही समान झाले तर एकेका फटक्यावर फैसला होतो. त्या क्षणी गॅलरीत जे घडते ते खासबागेतल्या अखेरच्या कुस्तीच्या वेळी घडणाऱ्या गोष्टीपेक्षा फारसे वेगळे नाही. ओरडणारे गप्प होतात, काही जण मैदानाकडे पाठ करून उभे राहतात, आणि शेजाऱ्याच्या चेहऱ्यावरून निकाल वाचतात.

या गॅलरीकडे जवळून पाहिले पाहिजे. सिमेंटच्या पायऱ्या उन्हाने तापलेल्या असतात, म्हणून जाणता प्रेक्षक वर्तमानपत्राची घडी किंवा टॉवेल बरोबर आणतो. कोणत्या संघाच्या समर्थकांनी कोठे बसायचे हे कोठेही लिहिलेले नसते, पण पहिल्यांदा आलेल्या परगावच्या माणसालाही पाच मिनिटांत ते समजते, कारण चुकीच्या घोळक्यात बसून चुकीच्या गोलला टाळी वाजवली तर मागून कोणीतरी खांद्यावर हात ठेवून त्याला नीट समजावून सांगतो. ज्येष्ठ मंडळी सहसा मधल्या भागात, मैदान दोन्ही बाजूंना सारखे दिसेल अशा जागी बसतात आणि बोलतात कमी. त्यांच्यापैकी बरेच जण स्वतः त्याच संघातून खेळलेले असतात. त्यांची टीका तंत्राची असते: बगलेवरून चाल रचताना आतल्या खेळाडूने धाव उशिरा घेतली, गोलरक्षकाने पुढे यायला नको होते, पंचाने ऑफसाइड दिले ते योग्यच होते. ऑफसाइड म्हणजे चेंडू पुढे दिला जाण्याच्या क्षणी आक्रमक खेळाडू प्रतिस्पर्ध्यांच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्या आणि चेंडूच्याही पलीकडे असणे. आपल्या संघाविरुद्ध दिलेला हा निर्णय योग्य होता असे म्हणणारा माणूस ज्या गॅलरीत सापडतो, त्या गॅलरीला निव्वळ हुल्लडबाजांची गर्दी म्हणता येणार नाही. तरुणांचा घोळका कडेला, गोलच्या मागे किंवा कुंपणाला चिकटून असतो. हलगी, घुमके, कैताळ, फटाके, रंगीत कागदाचे तुकडे, अंगावर गुंडाळलेले झेंडे हे त्यांचे साहित्य, आणि समोरच्या तालमीला उद्देशून केलेल्या घोषणा हे त्यांचे वाङ्मय, ज्यातला बराचसा भाग छापण्याजोगा नसतो. सामना जिंकला की मिरवणूक पेठेत जाते, चषक तालमीतल्या काचेच्या कपाटात ठेवला जातो, आणि पूर्वीच्या चषकांशेजारी त्याला जागा करताना कोणता जुना चषक मागे सरकवायचा यावरही मतभेद होतात.

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि दरबाराचा आश्रय संपला. छत्रपती घराण्याचा केएसएशी संबंध मात्र तुटला नाही. अलीकडच्या काळातही मालोजीराजे छत्रपती या संस्थेच्या नेतृत्वस्थानी राहिले आहेत. आश्रय बदलला तो चषकांच्या नावांत दिसतो. १९७२ साली महानगरपालिका झाली आणि पुढे महापौर चषक आला. त्यानंतर नेत्यांच्या, उद्योजकांच्या आणि दिवंगत कार्यकर्त्यांच्या नावाने स्पर्धा होऊ लागल्या. बक्षिसाची रक्कम वाढली, खेळाडूंना सामन्यामागे मानधन मिळू लागले, आणि स्पर्धेच्या उद्घाटनाला व्यासपीठ भरू लागले. पेठेतल्या मतांचा हिशेब करणाऱ्याला तालमीचा फुटबॉल संघ ही तयार यादी मिळते, हे येथे कोणी लपवत नाही. समर्थकाचा या राजकारणाकडे पाहण्याचा दृष्टिकोन व्यवहारी आहे. चषक कोणाच्या नावाचा आहे याची त्याला पर्वा नसते. तो आपल्या कपाटात आला की नाही एवढेच तो पाहतो, आणि चषक देणारा कोण हे दोन हंगामांनी विसरूनही जातो.

ईर्षेची दुसरी बाजू टाळता येत नाही. दगडफेक, पेठेतल्या वाहनांची मोडतोड, पंचाला धक्काबुक्की आणि त्यामुळे सामने थांबवण्याची वेळ, हे प्रसंग कोल्हापूरच्या फुटबॉलने वारंवार पाहिले आहेत. पोलिसांच्या बैठका, समर्थकांकडून घेतलेली हमी, संघांना दंड आणि काही काळासाठी बंदी, असे उपायही वारंवार झाले. या हुल्लडीचे स्पष्टीकरण ‘रांगडा स्वभाव’ असे दोन शब्दांत देण्याची पद्धत आहे, आणि ती आळशी आहे. हाच रांगडा माणूस खासबागेत कुस्ती हरल्यावर मुकाट्याने घरी जातो. फरक बसण्याच्या जागेत आणि परतीच्या वाटेत आहे. कुस्तीत समोरचा मल्ल बहुधा परगावचा असतो आणि रात्री निघून जातो. तालमींच्या फुटबॉलमध्ये हरवणारा माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच मंडईत, त्याच कारखान्यात, कधी त्याच सोयऱ्याच्या घरी भेटतो. पराभव मैदानावर ठेवून येण्याची सोयच या रचनेत नाही. मोठ्या क्लबांच्या स्टेडियममध्ये पाहुण्या संघाचे समर्थक वेगळ्या दाराने येतात आणि बसने शहराबाहेर जातात. येथे पाहुणा संघ असा कोणी नसतो आणि दोन्ही बाजूंचे घर चालत जाण्याच्या अंतरावर असते. गॅलरीत बायका फार थोड्या दिसतात, याचेही मूळ याच वातावरणात आहे. तालमीची सभासदकी जन्माने मिळते असे म्हटले तरी ती प्रत्यक्षात मुलग्यांनाच मिळत आली, आणि शहरात मुलींचे संघ तयार होऊ लागल्यानंतरही गॅलरीची घडण फारशी बदललेली नाही.

गेल्या काही वर्षांत तालमींच्या संघांत नायजेरियन आणि अन्य परदेशी खेळाडू दिसू लागले. केरळच्या मलबार भागात, विशेषतः मलप्पुरम जिल्ह्यात, सात-सात खेळाडूंच्या स्पर्धांतही आफ्रिकी खेळाडू आणले जातात आणि तेथील प्रेक्षक त्यांना डोक्यावर घेतो. कोल्हापुरातही तसेच झाले. जन्माने ठरणाऱ्या संघात समुद्रापलीकडचा आघाडीवीर कसा बसतो, हा प्रश्न अभ्यासकाला पडतो, समर्थकाला पडत नाही. तो खेळाडू पेठेच्या आसपास राहतो, गल्लीतल्या खानावळीत जेवतो, संध्याकाळी कट्ट्यावर पोरांबरोबर बसतो आणि काही आठवड्यांत त्याचे नाव कोल्हापुरी उच्चारात रुळते. आक्षेप येतो तो दुसऱ्या बाजूने. बाहेरच्या खेळाडूंमुळे पेठेतल्या मुलांची जागा जाते, खर्च वाढतो आणि लहान तालमी मागे पडतात, असे म्हणणारा एक जाणता वर्ग आहे, आणि बाहेरच्या खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा घालण्याचे नियम त्यातूनच आले. या वादात कोणाची बाजू योग्य हे ठरवणे अवघड नाही. ज्या खेळाचा पायाच शेजार आहे त्यात शेजारच्या मुलाची जागा राखलीच पाहिजे.

कोल्हापूरची ही घडण देशातल्या इतर फुटबॉलगावांशी ताडून पाहिली की तिचे वेगळेपण स्पष्ट होते. गोव्यात १८८३ साली शिवोली येथे फादर विल्यम लायन्स या धर्मगुरूने खेळ आणला असे मानले जाते, आणि तेथे चर्चभोवतीच्या गावाने संघ धरला. कलकत्त्यात १८८९ चा मोहन बागान आणि १९२० चा ईस्ट बंगाल यांच्यामागे पश्चिम आणि पूर्व बंगालच्या माणसांचे स्थलांतर आणि अभिमान उभा राहिला. मुंबईत संघ धरले ते कचेऱ्या, गिरण्या, रेल्वे आणि तेलकंपन्यांनी. टाटा, काल्टेक्स, मफतलाल, ऑर्के मिल्स अशी नावे एके काळी कूपरेजच्या मैदानावर गाजली, पण गिरणी किंवा विभाग बंद झाला की संघ गेला आणि संघाबरोबर त्याचा प्रेक्षकही विखुरला. २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्र युनायटेड २०१० साली कंपनीच्या निर्णयाने गुंडाळला गेला. पुण्यात २०१४ साली इंडियन सुपर लीगबरोबर उभा राहिलेला एफसी पुणे सिटी पाच वर्षांत संपला. याच मुदतीत कोल्हापुरातली एकही प्रमुख तालीम मिटली नाही, कारण ती कोणाच्या ताळेबंदावर उभी नाही.

मुंबईच्या उत्तरेला वसई-विरारच्या पट्ट्यात आणखी निराळे चित्र आहे. मुंबई-वसईच्या ख्रिस्ती वस्त्यांत चर्चच्या आवाराने आणि पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतील कुटुंबांच्या, मेळाव्यांनी खेळाला आसरा दिला. परंतु वसई पूर्वेला सातिवली, वालीव, गोखिवरे या भागांत गेल्या काही दशकांत औद्योगिक गाळे उभे राहिले आणि देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून कामगार येऊन वसले. वसई-विरार महानगरपालिका २००९ साली झाली, पालघर जिल्हा २०१४ साली. म्हणजे या वस्तीची प्रशासकीय ओळखही अजून कोवळी आहे. सातिवलीच्या गाळ्यात काम करणाऱ्या तरुणाला सुट्टीच्या दिवशी खेळायचे तर त्याचा संघ गावावरून, भाषेवरून किंवा कारखान्यावरून जुळतो, आणि पाहायला थांबतात ते खेळणाऱ्यांचे मित्र. कोल्हापुरात जो समर्थक शे-दीडशे वर्षांच्या तालमीने आयता दिला, तो अशा नव्या वस्तीला एकेक मित्र जोडत उभा करावा लागतो. इंग्लंडातील लीगबाहेरच्या क्लबांची सुरुवात कोल्हापूरपेक्षा सातिवलीच्या जास्त जवळची होती, कारण तेथेही ते संघ कारखान्यांभोवती नुकत्याच वसलेल्या माणसांनीच उभे केले होते.

व्यावसायिक फुटबॉल आणि पेठेचे फुटबॉल यांचा संबंध कोल्हापुरात अधूनमधून येतो आणि तो सरळ नसतो. २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारतीय संघातून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचा. निखिल कदमही येथूनच मोहन बागानपर्यंत पोहोचला. शहराला त्यांचा अभिमान आहे, पण असा खेळाडू जितका वर जातो तितका पेठेच्या रंगातून दूर जातो. विश्वचषकाच्या वेळी मात्र हेच शहर अर्जेंटिना, ब्राझील आणि पोर्तुगालचे झेंडे लावते, मेस्सी, नेमार आणि रोनाल्डोचे दोन-तीन मजली कटआउट उभे करते आणि रात्री चौकात पडदा लावून सामने पाहते. चौक तोच, वर्गणी तीच, आणि कटआउट कोणाचे जास्त उंच यावरची चुरसही दोन पेठांचीच.

दरम्यान पेठा स्वतः रिकाम्या होत आहेत. जुन्या वाड्यांच्या जागी इमारती आल्या, कुटुंबे वाढली आणि उपनगरांत गेली. शिवाजी पेठेत जन्मलेला आणि आता शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणारा माणूस सामन्याच्या दिवशी दुचाकी काढून आपल्या जुन्या घोळक्यात येऊन बसतो, आणि मुलालाही बरोबर आणतो. त्या मुलाने पेठ पाहिलेली असते ती बहुतांशी गॅलरीतूनच. उपनगरांनीही आपले संघ उभे केले आहेत. रंकाळ्यापलीकडे गगनबावड्याच्या रस्त्यावरचे फुलेवाडी हे जुन्या पेठांच्या हिशेबात शहराबाहेरचे गाव, पण त्याचा संघ वरिष्ठ गटात पाटाकडील, दिलबहार आणि शिवाजीच्या बरोबरीने खेळतो आणि आपला समर्थक घेऊन येतो. त्या समर्थकांना गॅलरीत बसायला जुनी ठरलेली जागा नव्हती; ती त्यांनी एकेका हंगामात, पायरी-पायरीने मिळवली.